संध्याकाळचा एक शो आम्हाला द्या
नाशिकमधल्या मल्टिप्लेक्सचालकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातल्या सर्व मल्टिप्लेक्सचे व्यवस्थापक आणि आठवड्याचे शो ठरवणारी मंडळी,

स.न.वि.वि.

मी नाशिकरोडला राहते. औषधांच्या एका घाऊक दुकानात गेली एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. सकाळी दहाला कामावर जाते, संध्याकाळी सहाला सुटते, सुट्टी रविवारची. सिनेमाच्या धंद्यात माझं कुणी नाही. तिकीट काढते, सिनेमा बघते आणि बघितलेल्या सिनेमाबद्दल चार लोकांशी बोलते. हे पत्र त्या बोलण्यासाठी आहे. तुमच्या वेळापत्रकामुळे आमचं बोलणं बंद पडत चाललंय.

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शुक्रवारी लागलेल्या एका मराठी सिनेमाचे दिवसाला दोनच शो होते, सकाळी साडेनऊला आणि दुपारी दोन दहाला. साडेनऊचा मला जमणं शक्यच नव्हतं. आम्ही पाच जणांनी मिळून दुपारची तिकिटं ऑनलाइन काढली आणि पावणेदोनला पोहोचलो. दारावरच्या मुलाने मोबाइलवरचं तिकीट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, शो कॅन्सल झालाय. पैसे खात्यात परत येतील." का, म्हटलं. "बुकिंग कमी होतं. वरून मेसेज आला." वरून म्हणजे कुठून? "शो मुंबईहून लावतात. आम्हाला फक्त कळतं." पोरगा सभ्य होता, त्याचा काही दोष नव्हता. त्याच पडद्यावर अडीचला एका मोठ्या हिंदी सिनेमाचा शो लागलेला समोरच्या बोर्डावर दिसत होता.

तिथे आमच्याशिवाय आणखी दोघी उभ्या होत्या. मायलेकी, दिंडोरीहून आलेल्या. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, बागेत माणूस मिळत नाही, त्यातून अर्धा दिवस काढून आल्या होत्या. आईचं वय साठीच्या पुढचं. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पिशवीत परतीच्या वाटेवर खायला आणलेली भाकरी. तिकीट ऑनलाइन काढतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, खिडकीवर काढू म्हणून आल्या होत्या. भाचीने रविवारी फोनवर सांगितलं होतं, "मामी, बघच. रडवतो, पण हसवतोही." आईने त्या मुलाला एकच विचारलं, "मग आता तो कुठं बघायचा?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. थोडा वेळ आम्ही सातही जण तिथेच उभे राहिलो. मग त्या एसटी पकडायला निघाल्या.

हे कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये घडलं ते मी लिहीत नाही. तक्रार एका दारावरची नाही. शहरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असंच चाललंय, म्हणून पत्र सगळ्यांना.

सिनेमाबद्दल बोलणं माझ्या घरात वडिलांपासून आलं. वडील प्रेसमध्ये नोकरीला होते. महिन्याच्या पगारानंतरच्या रविवारी आम्ही सिनेमाला जायचो. परत येताना मी सायकलच्या नळीवर, आई मागे कॅरिअरवर. घर येईपर्यंत प्रत्येकाने सिनेमाबद्दल एक तरी वाक्य बोलायचं, असा वडिलांचा दंडक. "चांगला होता" चालायचं नाही, काय चांगलं होतं ते सांगावं लागायचं. आई बहुतेक वेळा स्वयंपाकघरावर बोलायची. "त्या घरात चूल पेटलेली एकदाही दाखवली नाही, आणि म्हणे गरिबाचं घर." मला तेव्हा गंमत वाटायची. आज कळतं, ती किती बारकाईने बघत होती.

आता आमचा कट्टा रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर भरतो. आठ-नऊ जण असतात. एक जण सातपूरला कारखान्यात मशीनवर आहे, एक बँकेतून निवृत्त झालेत, दोघी कॉलेजच्या मुली, एक सरकारी दवाखान्यात नर्स, बाकी माझ्यासारखे. कुणीही समीक्षक नाही. आठवड्यात कुणी काय बघितलं ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम. मराठी, हिंदी, डब केलेले दाक्षिणात्य, इंग्रजी, सगळं चालतं. "पहिला हाफ उगाच ताणलाय." "शेवट गुंडाळला." "बापाचं काम करणाऱ्याने जीव ओतलाय, बाकी सोडून द्या." "टीव्हीवर आला की बघा, तिकीट नका काढू." असं आणि एवढंच.

पण त्या टेबलावर जे निघतं ते मी कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. मागे एका मराठी सिनेमात हॉस्पिटलचा प्रसंग होता. मुलगा आत आयसीयूत, आई बाहेर बाकावर बसून त्याचा शर्ट घडी करते, परत मोडते, परत घडी करते. कॉलेजच्या मुलीचं म्हणणं, हे मुद्दाम केलेलं आहे, दिग्दर्शकाने सुचवलेलं कळतं, खरी आई असं करणार नाही. आमची नर्स तोवर गप्प खात होती. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "सव्वीस वर्षं नाईट करतेय. असंच करतात. शर्ट नसेल तर पिशवी घडी करतात. हाताला काहीतरी लागतं." त्यावर पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्याच दिवशी टेबलावरच्या तिघांनी त्या सिनेमाची संध्याकाळची तिकिटं काढली. काढता आली, कारण त्या रविवारी संध्याकाळचा शो होता.

मोठ्या सिनेमाची जाहिरात महिनाभर आधीपासून टीव्हीवर, बसवर, मोबाइलवर असते. तो शुक्रवारी सकाळीच गर्दी खेचतो. लहान मराठी सिनेमाकडे तेवढा पैसा नसतो. त्याची जाहिरात म्हणजे आम्ही, म्हणजे माऊथ पब्लिसिटी. आणि ती पायाने चालते. शुक्रवारी कुणीतरी बघतं, शनिवारी ऑफिसात नाहीतर नळावर सांगतं, रविवारी ते भाचीकडून दिंडोरीला पोहोचतं, मंगळवारी मामी एसटीने येते. तोवर तुमचा शो गेलेला असतो.

आता माझी तक्रार क्रमाने मांडते.

पहिली वेळेची, आणि सगळ्यात मोठीही तीच. मराठी सिनेमाला सकाळी नऊ-साडेनऊ, नाहीतर दुपारी एक-दोन, नाहीतर रात्री पावणेअकरा. कामावर जाणारा माणूस यातला कुठला बघणार? अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पहिली पाळी दुपारी सुटते, तो थकलेला माणूस घरी जाऊन जेवून दोनच्या शोला कसा पोहोचणार? रात्री पावणेअकराचा शो एकच्या पुढे सुटतो, तेव्हा बाईमाणसाने नाशिकरोडला कसं परतायचं? 2015 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना प्राइम टाइम द्यावा असं ठरवलं. आधी घोषणा संध्याकाळी सहा ते नऊची होती. मग चर्चा झाल्या आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ, असं झालं. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं. दुपारी दोनचा शो नियमात बसतो, माझ्या दिवसात बसत नाही. मी तुमच्याशी नियमावरून भांडायला आलेले नाही. मी संध्याकाळी सहाला सुटणाऱ्या माणसाबद्दल बोलतेय.

दुसरी आकड्यांची, आणि हा माझा रोजचा विषय आहे. दर वेळी ऐकू येतं, मराठी सिनेमाला ऑक्युपन्सी नाही, म्हणजे खुर्च्या भरत नाहीत, मराठी माणूसच मराठी बघत नाही. आमच्या दुकानाने पहाटे पाचला शटर उघडून सातला ओढलं आणि वहीत लिहिलं की नाशिकमध्ये औषधाला गिऱ्हाईक नाही, तर शेठजी मला त्याच दिवशी घरी पाठवतील. आकडा खरा असतो, पण तो कुठल्या वेळेचा आहे हे शेजारी लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. मराठी सिनेमाच्या मंगळवार दुपारच्या खुर्च्या हिंदी सिनेमाच्या शनिवार संध्याकाळच्या खुर्च्यांशी ताडून निकाल लावणं हा हिशेब नाही. एकदा तरी दोघांना सारखीच वेळ, सारखेच दिवस द्या आणि मग आकडे मांडा. जे येतील ते मी मान्य करीन, विरोधात आले तरी.

तिसरी, शो काढून टाकण्याची. पूर्वी रिळांच्या पेट्या यायच्या. पेटी आली की थिएटर तो सिनेमा निदान आठवडाभर चालवायचं, कारण दुसरी पेटी हाताशी नसायची. आता सगळं सर्व्हरवर. एक शो काढून दुसरा लावायला चार बटणं पुरतात. सोय झाली हे चांगलंच, पण त्या सोयीचा फटका नेहमी एकाच बाजूला बसतो. बुकिंग झालेला शो तासभर आधी रद्द करता, तिकिटाचे पैसे परत येतात, बुकिंगचं शुल्क मात्र येत नाही. रिक्षाचे, रजेचे आणि दिंडोरीच्या एसटीचे पैसे कुणीच परत करत नाही. आणि एकदा असं झालेला माणूस पुढच्या वेळी लवकर तयार होत नाही. आमच्या कट्ट्यावरचे बँकवाले काका आता मराठी सिनेमाचं तिकीट आधी काढतच नाहीत. "लागला तर बघू" म्हणतात. मग तुमच्या स्क्रीनवर बुकिंग कमी दिसतं आणि शो पुन्हा रद्द होतो.

वेळापत्रक उशिरा येतं हेही सांगायचं आहे. शुक्रवारी लागणाऱ्या मराठी सिनेमाचं बुकिंग कित्येकदा गुरुवारी रात्रीपर्यंत उघडत नाही. घरात म्हातारी माणसं, मुलांच्या शिकवण्या, स्वयंपाक. चार जणांना एकत्र सिनेमाला न्यायचं तर दोन दिवस आधी ठरवावं लागतं.

आतल्या काही गोष्टी थोडक्यात. शेवटची नावं सुरू झाली की लगेच दिवे लागतात आणि झाडूवाले दारात येऊन उभे राहतात. त्या नावांत आमच्या गावातलं कुणीतरी असतं. मागच्या वर्षी एका सिनेमाच्या वेशभूषेत आमच्या गल्लीतल्या मुलीचं नाव होतं. तिची आई ते बघायला आली होती आणि दिव्यांच्या उजेडात तिला ते वाचता आलं नाही. पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये बाहेरचे पदार्थ रोखायचा अधिकार तुम्हाला दिला, पण त्याच निकालात प्रेक्षकांना स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेऊ दिलं पाहिजे, असंही सांगितलंय. कूलर बंद आणि शेजारी बाटली विकायला, हे मी दोनदा अनुभवलं.

तिकिटाच्या किमतीवर मी फार बोलणार नाही, तुमचाही खर्च असतो. पण कर भरणारी म्हणून एक दाखवून देते. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमाच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के आहे, शंभरच्या वर 18 टक्के. म्हणजे शंभराच्या आतलं तिकीट ठेवलं तर प्रेक्षकाचे करातच बरेच पैसे वाचतात. मधल्या वारी, जेव्हा तुमच्या खुर्च्या तशाही रिकाम्या असतात, तेव्हा हे करून बघण्यात तोटा कुठे आहे ते मला मांडून दाखवा.

हे सगळं नाशिकमध्ये घडतं याचं दुःख मला जास्त आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी आपलं बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. पुढचे सिनेमे इथे, आपल्या नदीच्या आणि देवळांच्या परिसरात तयार झाले. 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांनी डोळे मिटले तेही इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आम्ही मुलांना तिथे नेतो आणि सांगतो, भारतातला सिनेमा आपल्या गावाचा.

त्यांची सुरतेची हकीकत सांगितली जाते. 'राजा हरिश्चंद्र' तिथे लागला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपयांचा. आजच्या भाषेत ऑक्युपन्सी शून्यच. धंद्यातल्या भागीदाराचं म्हणणं, लोकांना एवढ्या पैशात सहा-सहा तास नाटक बघायची सवय, तिकीट कमी करा नाहीतर खेळ लांबवा. दादासाहेबांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. लोक आले. मला या गोष्टीत जाहिरातीपेक्षा दुसरं महत्त्वाचं वाटतं. तीन रुपये जमले त्या रात्री त्यांनी खेळ उतरवला नाही. उतरवला असता तर सुरतेच्या लोकांना सिनेमा आवडत नाही, एवढंच नोंदलं गेलं असतं.

आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव बघा. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी तिथे पदरच्या पैशाने, लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढले आणि लोकांनी तिकिटं काढून बघितले. या मातीत सिनेमा बघणारे कमी आहेत असं कृपा करून म्हणू नका.

तेव्हा आमच्या मागण्या अशा :

लागलेल्या प्रत्येक मराठी सिनेमाला पहिले सात दिवस, शुक्रवार ते गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान सुरू होणारा निदान एक शो द्या. शहरातल्या सगळ्या मल्टिप्लेक्सनी एकाच वेळी द्यावा असंही नाही. आपसात ठरवून एकाने नाशिकरोडच्या बाजूला, एकाने कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बाजूला दिला तरी आम्ही येऊ.

एकही तिकीट विकलं गेलेलं असेल तर तो शो रद्द करू नका. यंत्र बिघडलं, वीज गेली, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी बुकिंगचं शुल्कही परत द्या आणि त्याच सिनेमाच्या दुसऱ्या शोचं तिकीट द्या.

शुक्रवारच्या शोंचं बुकिंग बुधवारी सकाळी उघडा.

बुधवारी नाहीतर गुरुवारी, तुम्हाला सोयीच्या दिवशी, मराठी सिनेमाचं तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवा. तीन महिने करून बघा. हिशेब जुळला नाही तर बंद करा, आम्ही पुन्हा मागणार नाही.

नावं संपेपर्यंत दिवे लावू नका. पाणी चालू ठेवा.

आणि मुंबईला बसून शो लावणाऱ्यांना नाशिकच्या व्यवस्थापकाचं ऐकायला सांगा. छाटणी कधी संपते, कारखान्यांचा पगार कुठल्या तारखेला होतो, कुठल्या दिवशी लोक घराबाहेर पडतात, हे इथल्या माणसाला कळतं. मुंबईतल्या स्क्रीनवर ते दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणी बोलायला तयार असेल तर आमचा कट्टा कधीही यायला तयार आहे. येताना मी गेल्या सहा महिन्यांची वही आणीन. कुठला मराठी सिनेमा कुठल्या वेळेला लागला, किती दिवस राहिला, आमच्यातल्या किती जणांना तो बघायचा होता आणि किती जणांना बघता आला, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे. तुमचे आकडे तुम्ही आणा.

दिंडोरीच्या त्या मायलेकींचा फोन नंबर मी त्या दिवशी घेऊन ठेवलाय. त्यांचा तो सिनेमा राहूनच गेला, गुरुवारनंतर तो शहरात कुठेच नव्हता. आईने मला सांगून ठेवलंय, "संध्याकाळचा लागला तर कळवा, मुक्कामाला बहिणीकडे थांबीन." संध्याकाळच्या शोचं बुकिंग उघडेल त्या बुधवारी मी त्यांना सकाळीच फोन करणार आहे. कुठल्या बुधवारी करू, ते कळवावं.

आपली,
नाशिकरोडची एक प्रेक्षक